घरात मुधोळ कुत्रं असताना मांजर आणायचं तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुत्रं दारात आणि मांजर चुलीपाशी, अशी वाटणी कैक वर्षं चालली. आता दोघंही दोन खोल्यांच्या घरात आत येतात आणि खटके उडतात. त्यावर हमखास होणारा उपाय म्हणजे मांजराला हातात धरून कुत्र्याच्या नाकाशी नेणं, "वास घेऊ दे, ओळख होईल." हे करूच नका. सुटायला वाट नसली की मांजर आधी धरणाऱ्याचा हात ओरबाडतं, मग उडी मारून पळतं. पळतं मांजर दिसलं की कुत्रं मागे लागलंच. ही चटक एकदा लागली की मोडायला महिने जातात. म्हणून सगळी खटपट पहिला पाठलाग टाळण्यासाठी.

मुधोळ कुत्र्याच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावं. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला, 2005 साली टपाल तिकिटावर झळकलेला हा देखणा गडी नजरेनं शिकार करणारा, सशामागे धावण्यासाठी जोपासलेला. बसलेल्या मांजराकडे तो ढुंकूनही बघणार नाही. तेच मांजर माजघरातून परसात धावलं की मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. घरच्या मांजराशी जमलं तरी शेजारच्या बोक्याशी जमेल असं धरून चालू नका. लहानपणीच सवय लागली तर सोपं जातं. इतरांशी जुळवून घ्यायला शिकण्याचा काळ कुत्र्याचा साधारण वयाच्या 3 ते 12 आठवड्यांचा, मांजराचा 2 ते 7. पण म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही.

नवीन मांजराला दार लागणारी एक खोली द्या, एक-दोन आठवडे. पाणी, खाणं आणि वाळूचं घमेलं आतच. घमेलं खाण्यापासून लांब. मांजराच्या गालावरून एक फडकं फिरवा, कुत्र्याच्या मानेवरून दुसरं, आणि ती अदलाबदल करून एकमेकांच्या जेवणाच्या भांड्याखाली ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. सुरुवात दारापासून पाच-सहा फुटांवर, रोज वीतभर पुढे. कुणी जेवण टाकून दाराकडे टक लावली, तर भांडं पुन्हा मागे. दोघंही निवांत जेवायला लागली की मध्ये जाळीचं दार ठेवा. डासांची नायलॉनची जाळी मात्र नको, कुत्र्याचा एक पंजा पडला की ती फाटते.

एका खोलीत आणताना कुत्रं फिरवून, दमवून आणलेलं असावं आणि सहा फुटी पट्ट्यावर असावं. मांजर मोकळं. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. कुत्र्यानं मांजराकडे बघून नजर तुमच्याकडे वळवली की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या, मीठ-मसाला-कांदा नको. आजी मराठीत, शेजारी कानडीत, पोरं इंग्रजीत बोलणार, पण "बस"चा शब्द घरभर एकच ठेवा. तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर खिळलेली असं दिसलं की भुंकायची वाट न बघता कुत्र्याला बाहेर न्या. गप्प कुत्रं भुंकणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचं. मांजर शेपूट आपटत असेल तर त्याचा जीव वैतागलाय. कुत्र्याला मात्र ते खेळाचं आमंत्रण वाटू शकतं, आणि नाकावर नख बसतं.

जुन्या घरांत माळा असतो, मांजराची चैन. फ्लॅटमध्ये पाच फुटांवर दोन फळ्या ठोका आणि चढा-उतरायच्या वाटा दोन ठेवा. एकच असली तर कुत्रं खाली ठाण मांडून बसतं. मुधोळची झेप लक्षात घेता फळी आणखी उंच असलेली बरी. तुम्ही घरी नसताना दोघांना वेगळं कोंडणं काही महिने तरी सोडू नका. दिवसभर दारात साखळीला बांधलेल्या कुत्र्यापुढून मांजर मिरवत गेलं की त्याची चिडचिड साठत जाते आणि साखळी सुटेल त्या दिवशी ती मांजरावर निघते.

मांजराचं खाणं उंचावर ठेवा, नाहीतर कुत्रं फस्त करेल. उलट कुत्र्याच्या खाण्यावर किंवा दूध-भाकरीवर मांजर जगवू नका. टॉरिन हे मांसातून मिळणारं पोषकद्रव्य कमी पडून त्याची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. वाळूतली घाणही कुत्रं आवडीनं खातं, म्हणून घमेलं त्याचं तोंड पोचणार नाही असं ठेवा आणि रोज उपसा. रेबीजची लस दोघांनाही हवी.

पावसाळ्यात गोचीड वाढतात आणि औषध आणलं जातं. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराला जीवघेणं. मांजर कुत्र्याला चाटतं, त्याला बिलगून झोपतं, त्यामुळे कुत्र्याला लावलेलंही त्याला बाधतं. डॉक्टरांना घरात मांजर आहे हे आधी सांगा आणि परमेथ्रिन किंवा अमिट्राझ (हेही गोचिडांवरचं, मांजराला घातक) नसलेलं औषध मागा. तरीही लावलं गेलंच, आणि मांजर थरथरायला किंवा लाळ गाळायला लागलं, तर भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुऊन, टॉवेलात गुंडाळून लगेच दवाखाना गाठा. औषधाचं पाकीट सोबत न्या.