साबरमतीच्या काठावर एक संध्याकाळ

काल अहमदाबादला साबरमतीचा नवा काठ पाहिला. पाण्यालगतच्या रुंद पायवाटेवर निवांत फिरणारी म्हातारी माणसे पाहून मन भरून आले; शहराने नदीकडे फिरवलेली पाठ पुन्हा वळवली, ही लहान गोष्ट नव्हे. २०२२ मध्ये खुला झालेला अटल पूल तर केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे.

मात्र उन्हाळ्यात धाम नदीचे उघडे पडलेले खडक पाहण्याची सवय असलेल्या आम्हा पवनारकरांना, तिथले तुडुंब पात्र पाहून पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे पाणी येते कुठून. पूर्वी साबरमतीही पावसाळा सरला की आटत असे. आज दिसते ते नर्मदेच्या कालव्यातून सोडलेले आणि वासणा बंधाऱ्याने अडवलेले पाणी आहे. शिवाय काठावरच्या झोपड्यांतील हजारो कुटुंबांना इथून हलावे लागले, आणि त्यांची आठवण त्या देखण्या फरसबंदीवर मला कुठे दिसली नाही, याचे वाईट वाटले.

आमच्या धामेला असा सिमेंटचा काठ नको. तिला मिळणाऱ्या नाल्यांतील गाळ काढावा आणि गावचे सांडपाणी पात्रात जाण्याआधी गाळून घ्यावे, अशी मागणी येत्या ग्रामसभेत मी लेखी मांडणार आहे.