थेरपी पोराची, गृहपाठ आमचा

मुलगा तिसरीत गेला आणि शाळेतून तक्रारी सुरू झाल्या. जागेवर बसत नाही, वही अर्धवट, रांगेत पुढच्याला ढकलतो. आम्ही खानापूर तालुक्यातले. शाळा मराठी माध्यमाची, त्यात कन्नड आणि इंग्रजी. नातेवाईक म्हणायचे, "तीन-तीन भाषा पोराच्या डोक्यावर, दुसरं काय होणार!" सासूबाई म्हणायच्या, "याचा बापपण असाच होता." डॉक्टरांनी हे दुसरं वाक्य मात्र लिहून घेतलं, कारण एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, घराण्यात चालत येतो.

शाळेतल्या बाईंनीच दाखवून या म्हणून सुचवलं. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, पण ओळखीतून आम्ही बेळगावात एका बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. आधी डोळे आणि कान तपासून यायला सांगितलं. मला वाटलं होतं डोक्याचा स्कॅन काढतील. तसं काही नसतं, रक्त तपासूनही हे कळत नाही. सगळा भर विचारपूस आणि फॉर्मवर. आमचा फॉर्म आम्ही भरला, शाळेचा बाईंनी वेगळा. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर, शाळा अशी दोन्हीकडे दिसायला हवीत. भाषांच्या ओझ्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला: मराठीतली गोष्ट ऐकतानाही तो मधेच उठून जायचा, क्रिकेट खेळताना आपला नंबर यायची वाट बघणं त्याला जमायचं नाही.

मग थेरपी. माझी कल्पना अशी की थेरपीच्या मॅडम पोराला आत घेतील, तासाभराने सुधारून बाहेर पाठवतील. आत बोलावलं ते आम्हा दोघांना! मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, त्यांना रजा काढावी लागायची. पहिल्यांदा ते चांगलेच वैतागले, "आजारी तो, ट्रेनिंग आम्हाला?" पण मुलगा मॅडमसमोर आठवड्यातून तासभर असतो, बाकी सगळा वेळ घरात नाहीतर शाळेत. त्यामुळे या वयात पालकांना शिकवणं हाच उपचाराचा मोठा भाग.

एक दिवस मॅडमनी आमच्याकडून सकाळचा प्रसंग करून घेतला. मिस्टर मुलगा झाले, मी मी. मी सवयीने सुरू केलं, "दात घास, युनिफॉर्म घाल, बाटली भर, आणि कन्नडची वही घेतलीस का?" मिस्टर दातांपाशीच अडकले. मॅडम म्हणाल्या, आता जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, एकच काम सांगा आणि गप्प राहा. ते झालं की लगेच, नेमकं कौतुक. "शहाणा माझा" नको, "हाक मारल्याबरोबर ब्रश घेतलास" असं हवं. ऐकायला सोपं आहे. चुलीवर दूध आणि दारात रिक्षा असताना करून बघा!

मग गोट्यांची बरणी आली. ठरलेलं काम झालं की एक गोटी, तिथल्या तिथे. या मुलांना लांबचं बक्षीस दिसतच नाही, "परीक्षेत नंबर आला तर सायकल" इथे चालत नाही. संध्याकाळी गोट्या मोजायच्या आणि त्यांच्या बदल्यात मलप्रभेच्या घाटावर चक्कर किंवा आजीबरोबर पत्ते. बारीकसारीक हट्टाकडे दुर्लक्ष करायचं. आधी तो वाढेल, तेव्हा मागे हटू नका, हे मॅडमनी बजावलं होतं. वाढला. सासूबाईंना ते दिवस फार जड गेले.

शाळेसाठी एक छोटं कार्ड. तीन गोष्टी, बाई रोज खूण करणार, गोट्या घरी. बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतलं आणि खडू आणायचं काम दिलं, म्हणजे उठायला हक्काचं कारण. एका ट्यूशनवाल्यांनी मात्र "आमच्याकडे असली मुलं नकोत" म्हणून परत पाठवलं.

गोळीवरून घरात बरंच वाजलं. सहा वर्षांखालच्या मुलांना आधी पालक-प्रशिक्षण, त्यावरच्यांना गरजेप्रमाणे औषध आणि प्रशिक्षण दोन्ही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू केलं. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आमच्याकडच्या दुकानात तर नाहीच. दुपारची भूक मेली, म्हणून न्याहारी भरपेट, जोंधळ्याची भाकरी आणि अंडं. वजन-उंची दर वेळी मोजतात. गोळीने तो बसतो हे खरं, पण दप्तर भरायचं वळण गोळी लावत नाही.

नणंदेचा मुलगा नववीत आहे, त्याचं वेगळं. त्याला गोट्या दिल्या तर तो हसेल. त्याच्याशी आधी बोलून करार होतो, मोबाइल किती वेळ, अभ्यासाचे तुकडे कसे पाडायचे. सत्रात तो स्वतः बसतो.

एक सांगून ठेवते: 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी नाही. वाचन-लेखनाची अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, मात्र त्यात आहे. दोन्ही बरोबर असू शकतात, म्हणून ती तपासणी वेगळी मागून घ्या. आमच्याकडे ती व्हायची आहे. आणि लगेच कुठे जाता येत नसेल तर 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट लागतो.

जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतील. कार्डाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात नव्या गुरुजींना भेटणार आहे.