पाव किलोचं नाणं

रोममधला शेवटचा दिवस. बॅगा स्टेशनवर ठेवल्या तेव्हा हातात तीन तास उरले होते आणि ऊन मी म्हणत होतं. तेर्मिनी स्टेशनसमोरच पलाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय आहे. बाबांना एसी हवा होता, मला तिथल्या तळघरातली नाणी बघायची होती. दोघांचंही भागलं.

गर्दी सगळी वरच्या मजल्यांवर, सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या बागेच्या भित्तिचित्रांपाशी. खाली शुकशुकाट.

"हे नाणं? अगं, हा तर पेपरवेट!" बाबा म्हणाले. रोमन 'आस' होता तो, प्राचीन रोमचं काशाचं नाणं. तळहाताएवढा, जाड, जुन्या काशाच्या वाटीसारखा काळपट-हिरवा. एका बाजूला दोन तोंडांचा जानूस देव, दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक. हा ठोकलेला नाही, ओतीव आहे. कडेला वाकून पाहिलं तर साच्याचे दोन भाग जिथे जुळले तो सांधा स्पष्ट दिसतो. इ.स.पू. 225 च्या सुमारास असा एक आस पाव किलोहून थोडा जास्तच भरायचा. शेजारच्या छोट्या नाण्यांवर नुसते ठिपके: चार ठिपके म्हणजे आसचा तिसरा हिस्सा, दोन म्हणजे सहावा. अक्षरओळख नसलेल्यालाही हिशेब कळावा.

मग कार्थेजचा सेनापती हॅनिबल आला. नाण्यावर जहाज मिरवणाऱ्या रोमवर तो चालून आला आल्प्स ओलांडून, जमिनीवरून! इ.स.पू. 217 मध्ये त्रासिमेनो तळ्याकाठी रोमन सैन्य कापलं गेलं, पुढच्या वर्षी कान्नाईला त्याहून भयंकर. नव्या पलटणी उभ्या करायच्या, त्यांचे पगार द्यायचे, आणि तिजोरीत खडखडाट. 217 च्या सुमारास आसचं वजन निम्म्यावर आलं. नंतर आणखी घसरत 211 च्या आसपास जेमतेम 54 ग्रॅम. जानूस तोच, जहाज तेच, नावही तेच.

"पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यासारखं," बाबा म्हणाले. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस. "किंमत तीच ठेवायची, आतली बिस्किटं कमी करायची."

याच सुमाराला देनारियस हे चांदीचं नाणं निघालं. त्यावर X, म्हणजे 10 आस. हे 211 साल पक्कं करायला सिसिलीतल्या मोर्गांतीनाच्या उत्खननाची मोठी मदत झाली. त्या वर्षी ते शहर रोमनांनी घेतलं, आणि त्या विध्वंसाच्या थराखाली अगदी कोरे देनारियस सापडले. मला मात्र रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदवलेली 210 ची गोष्ट जास्त आवडते. आरमारासाठी पैसा नव्हता, तेव्हा सिनेटरांनी घरातलं सोनं-चांदी आणि काशाची नाणी सरकारजमा केली. कुटुंबप्रमुखाने स्वतःजवळ फक्त 5000 आस ठेवायचे. एवढे आस ठेवायला घरात कोठीच लागली असेल.

संध्याकाळी कॅपिटोलिन टेकडीवर गेलो. रोमची टांकसाळ इथेच, जूनो मोनेता देवीच्या देवळाला लागून होती; इंग्रजी 'मनी' हा शब्द त्या 'मोनेता'वरूनच आला. आता आराकोएलीचं चर्च आणि दमवणाऱ्या 124 पायऱ्या. वर जायचं की खालीच आइस्क्रीम खायचं, यावर आमचं जुंपलं.

रोमन पोरं नाणं उडवताना 'डोकं की जहाज' असं ओरडत, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच दोन युरोचं नाणं काढून उडवलं. "जहाज!" मी ओरडले.

नाण्यावर कवी दान्तेचं डोकं निघालं. चढलो मुकाट्याने.