आरटीएल ४३३ ते शेल लूप: ओळ आली की लगेच कमांड

गच्चीवरच्या सेन्सरची साखळी आता अखंड चालतेय. डोंगल (यूएसबी रेडिओ रिसीव्हर) ४३३.९२ मेगाहर्ट्झवर ऐकतो, आरटीएल ४३३ हा प्रोग्रॅम सेन्सरच्या प्रत्येक पॅकेटची जेसन (नाव-किंमत जोड्यांची) ओळ काढतो, ओळी गाळणारा ग्रेप त्यातून आपला सेन्सर निवडतो, जेसन वाचणारा जेक्यू तापमान वेगळं करतो आणि शेवटी शेलचं व्हाइल-रीड लूप ओळीमागे कमांड चालवतं.

सगळा वेळ खाल्ला तो ग्रेपने. टर्मिनलवर एकटा चालवला तर ओळी टपाटप दिसतात. पुढे पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारी जोडणी) जोडला की चिडीचूप. मग बऱ्याच वेळाने वीस-पंचवीस ओळी एकदम. कारण सी लायब्ररीत आहे: आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर ती ओळीगणिक लिहिते, पाइपात जात असेल तर बफर (तात्पुरता साठा) भरेपर्यंत थांबते. लिनक्सवर हा बफर सहसा ४०९६ बाइटांचा. माझी एक ओळ दीडशे-दोनशे बाइटांची आणि सेन्सर मिनिटभराने बोलणारा, म्हणजे हिशोब जुळला.

ग्रेपला 'लाइन-बफर्ड' आणि जेक्यूला 'अनबफर्ड' हा पर्याय दिला. दोन्हीकडे द्यावाच लागतो. मधला एक जरी तुंबला तरी पुढचे सगळे उपाशी. मजकूर बदलणाऱ्या सेडला 'यू' आहे. ज्यांना असा पर्याय नाही त्यांच्याआधी 'एसटीडीबफ' ही कमांड लावून बघा, पण स्टॅटिक लिंक केलेल्या (लायब्ररी आतच भरलेल्या) प्रोग्रॅमवर त्याची मात्रा चालत नाही. डेबियन लिनक्सवाल्यांनो, तुमचा ऑक (ओळींवर काम करणारा प्रोग्रॅम) म्हणजे बहुधा मॉक ही त्याची आवृत्ती असते आणि तो वाचतानाच बफर भरत बसतो. 'डब्ल्यू इंटरॅक्टिव्ह' दिल्याशिवाय हलत नाही.

लूपमधली गंमत वेगळीच. तापमान चढलं की एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या रास्पबेरी पाय संगणकावरचा पंखा सुरू होतो. पण लूप वाचतं तोच स्टँडर्ड इनपुट (येणाऱ्या ओळींचा प्रवाह) एसएसएचलाही मिळतो, त्यामुळे तो चालू असताना आलेली रीडिंग तोच गिळून टाकतो. बॅशचं रीड बिचारं पाइपातून एकेक बाइट वाचतं, ते मुद्दाम, की पुढचं काही आपल्या हातून उचललं जाऊ नये. आणि शेजारी हा खादाड! एसएसएचला 'एन' दिलं की प्रश्न मिटतो. व्हिडिओ-ऑडिओवाला एफएफएमपेगही असाच, त्याला डेव्ह-नल या रिकाम्या फाइलचं इनपुट द्यायचं.

लूपमध्ये वाढवलेला काउंटर बाहेर शून्यच दिसत होता, कारण पाइपनंतरचं लूप सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालतं. प्रोसेस सब्स्टिट्यूशन (कमांडचं आउटपुट फाइलसारखं लूपला देणं) वापरून ते भागवलं.

आता मॉस्किटो-पब या एमक्यूटीटी मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा 'एल' पर्याय जोडतोय; तो ओळीमागे एक मेसेज पाठवतो, म्हणजे ब्रोकरपुरतं (मेसेज वाटणारा सर्व्हर) तरी लूप लागणार नाही.