श्रीलंका: कँडीचा पेराहेरा, मिन्नेरियाचे हत्ती आणि तारखांचं गणित

श्रीलंकेत रानातले हत्तीही बघायचेत आणि कँडी शहरातला एसला पेराहेरा हा हत्तींच्या मिरवणुकांचा उत्सवही गाठायचाय, तर विमानाचं तिकीट काढायची घाई करू नका. आधी घरातल्या दिनदर्शिकेत नारळी पौर्णिमा शोधा. पेराहेरा संपतो तिथल्या निकिनी पौर्णिमेला, आणि ती बहुतेक वर्षी आपल्या श्रावणी पौर्णिमेलाच किंवा एखादा दिवस अलीकडे-पलीकडे येते. म्हणून उत्सव कधी ऑगस्टच्या सुरुवातीला असतो, तर कधी पार महिनाअखेरीस. अधिकृत तारखा पडताळा, मग कँडीतली खोली धरा आणि विमानाचं त्यानंतर बघा. मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानात हत्ती जमायचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, त्यामुळे दोन्ही एका फेरीत बसतं.

पेराहेऱ्याच्या पहिल्या पाच रात्रींच्या मिरवणुकांना कुंबल म्हणतात, नंतरच्या पाचांना रांदोली. शेवटच्या रांदोलीला थाट सर्वात मोठा, पण खुर्च्यांचे दरही तसेच आणि गर्दी विचारू नका. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सुरुवातीची एखादी रांदोली बरी. पुण्यात विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रोडवर जागा धरतात तसंच इथेही दुपारपासून बसावं लागतं. एकदा रस्ते बंद झाले की मध्येच उठून हॉटेलवर जाणं विसरा. पाणी, खाऊ आणि पातळ रेनकोट जवळ हवा. छत्री उघडलीत तर मागचे बोलणारच.

सगळ्यात पुढे चाबूक कडाडवणारे, मग आगीचे खेळ, ढोल, कँडीचे नर्तक. माझी नजर मात्र मशालवाल्यांवर खिळली. लोखंडी पिंजऱ्यात सुकं खोबरं जळत असतं, शेजारी पोतं घेतलेला पोरगा चालताचालता त्यात तुकडे टाकत जातो, आणि तेलकट, भाजलेला वास रस्ताभर पसरतो. बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिराचा सुळेवाला हत्ती त्या दाताच्या पवित्र करंडकाची प्रतिकृती घेऊन येतो तेव्हा त्याच्या पायाखाली पांढरं कापड अंथरत नेतात. लोक उठून उभे राहतात, आपणही राहावं. पण विजेच्या दिव्यांनी मढलेल्या त्या झुलींखाली पायांत साखळ्या असतात, आणि त्या दिसल्यावर मजा थोडी उतरते. माझं मत विचाराल तर पेराहेरा आधी करा आणि मिन्नेरिया नंतर. उलट क्रमाने गेलात तर साखळ्या जास्त टोचतील.

मिन्नेरियाजवळचं हबरना कँडीहून सुमारे नव्वद किलोमीटर. मुक्काम तिथे किंवा सिगिरियाला. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. कोरड्या हंगामात पाणी हटतं, तळात कोवळं गवत येतं आणि आजूबाजूच्या रानातले हत्ती तिथे उतरतात, चांगल्या वर्षी शेकड्यांनी. अलीकडे मात्र वरच्या धरणाचं पाणी सोडलं की तलाव भरलेला राहतो आणि गवत बुडतं. म्हणून जीप ठरवताना मिन्नेरियाच हवं असा हट्ट धरू नका. कळप कधी जवळच्या कौडुल्ला उद्यानात असतात, कधी हुरुलूच्या रानात, आणि ते जीपवाल्यांना रोजच्या रोज माहीत असतं. वेळ दुपारची घ्या. ऊन कलल्यावर हत्ती उघड्यावर येतात.

ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि एकाच हत्तिणीकडे बघत बसा. पुढच्या पायाच्या नखांनी ती गवत उकरते, सोंडेने जुडी उचलते, गुडघ्यावर आपटून माती झाडते आणि मगच तोंडात घालते. पिल्लू तसंच करू पाहतं आणि निम्मं गवत सांडून टाकतं. सुळे शोधत बसू नका. इथल्या फार थोड्या नरांना ते असतात. हबरन्यात हत्तीवर बसवून फिरवणारे भेटतील, त्यांना सरळ नाही म्हणा.

बिबट्यासाठी सगळे याला राष्ट्रीय उद्यानाकडे धावतात. एका बिबट्यामागे जीपची रांग बघायची हौस नसेल तर विल्पत्तू राष्ट्रीय उद्यान बरं. तिथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत, नैसर्गिक तळी आहेत, आणि गर्दी कमी. शिवाय यालाचा मुख्य भाग सहसा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो, ते आधी बघून घ्या.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट नक्की विचारायची: ‘उंबलकडा’ आहे का? हे सुक्या माशाचे तुकडे पोळ संबोलात, म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या तिखट चटणीत, आणि भाज्यांतही सर्रास पडतात. म्हशीचं दही आणि कितुळ नावाच्या माडाची काकवी मात्र बिनधास्त खा. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही. पौर्णिमेला दारूविक्री बंद असते. पासपोर्ट जवळ ठेवा, सिगिरियासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट स्वस्त पडतं. आणि प्रवेश परवान्याचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट उगाच जास्त पैसे घेतात.