भगवानदादांची स्टेप आणि त्या सात गाड्यांची तीच ती गोष्ट

दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या, म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातले नाचणारे हिरो-दिग्दर्शक भगवानदादा यांच्या पुण्यतिथीच्या आसपास आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येतंच. भगवानदादांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली जुहूचा २५ खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या, मग सगळं विकलं, दादरच्या चाळीत दोन खोल्यांत शेवट, आणि त्याखाली हात जोडलेले इमोजी आणि "पैसा जपून वापरा" टाईप उपदेश. यंदा काकांनी टाकलं, मागे मावशीने टाकलं होतं. मला आता त्या गोष्टीचा खरंच कंटाळा आलाय. गोष्ट खोटी आहे म्हणून नाही, त्यात तो माणूस पडद्यावर करायचा काय हे कुठेच नसतं म्हणून. सगळं लक्ष गाड्यांवर. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३. वडील मुंबईत गिरणी कामगार, आणि स्वतः भगवाननेही सुरुवातीला मजुरीच केली. व्यायामाची आवड, कुस्तीची आवड आणि पिक्चरचं वेड, त्या काळच्या लालबाग-परळमधल्या निम्म्या पोरांना हेच तीन नाद असणार. मूकपटांच्या शेवटी शेवटी छोट्या कामातून आत शिरला आणि १९३८ मध्ये 'बहादुर किसान' चंद्रराव कदमांबरोबर मिळून दिग्दर्शित केला, वय वर्षं पंचवीस. तिथून पुढची दहाएक वर्षं मारधाडीचे पिक्चर. कमी पैशात, पटापट काढलेले. हिरो तोच, दिग्दर्शक तोच, उड्या मारणाराही तोच, हॉलिवूडच्या मूकपटांतला उड्या मारणारा हिरो डगलस फेअरबँक्स, त्याचा भक्त होता ना. १९४१ मध्ये मद्रासकडे जाऊन 'वनमोहिनी' नावाचा तमिळ पिक्चरसुद्धा दिग्दर्शित करून आला, हे मला फार उशिरा कळलं आणि मी जाम खूष झालो, दादरचा मराठी माणूस तमिळमध्ये जंगलपट काढतोय!

हे पिक्चर कोण बघायचं तर गिरणी कामगार, हमाल, बंदरावरची माणसं. बंगल्यांत राहणारे लोक त्याला नाकं मुरडायचे, आणि आपल्या सिनेमाच्या इतिहासातही या स्टंटपटांना एखादा परिच्छेद मिळतो फार तर. आता त्यातले बहुतेक बघायलाही मिळत नाहीत. म्हणजे भगवानदादांच्या करिअरचा निम्मा भाग आपल्यासाठी गायबच आहे आणि आपण त्यांना एका पिक्चरवरून ओळखतो, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

एक प्रसंग मात्र टाळून चालणार नाही. १९४२, 'जंग-ए-आजादी'चं शूटिंग. सीनमध्ये भगवानने ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. ती इतकी जोरात बसली की त्यांचा चेहरा एका बाजूने लुळा पडला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, कित्येक वर्षं उपचार चालले. येवल्याच्या ललिताबाई तोवर हिरॉइन होत्या हो, चांगल्या स्टार! ते संपलं. पुढे तोच डोळा घेऊन त्या खाष्ट सासू झाल्या, 'अनाडी'तली मिसेस डिसा झाल्या, टीव्हीवर मंथरा झाल्या आणि अजरामर झाल्या, त्यामुळे लोक सहज म्हणून टाकतात की बघा, वाईटातून चांगलं झालं. मला हे पटत नाही. त्या मोठ्या झाल्या ते त्यांच्या जिद्दीमुळे आणि कामामुळे, थपडेचं त्यात क्रेडिट काही नाही. अपघात होता हे खरं, मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नाही, पण सेटवर कुस्तीच्या हाताने जे काम चालायचं त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली हेही तितकंच खरं. भगवानदादांचं कौतुक करताना मी हे बाजूला ठेवत नाही.

बरं आता 'अलबेला'.

१९५१. त्याच वर्षी 'आवारा' आला, 'बाजी' आला. तोवर भगवानने स्वतःची जागृती पिक्चर्स काढली होती, चेंबूरला स्टुडिओ उभा केला होता. राज कपूरने सांगितलं की मारामाऱ्या पुरे, एखादा सामाजिक पिक्चर काढ, आणि याने काढला. निर्माता भगवान, दिग्दर्शक भगवान, हिरो भगवान, आणि हिरॉइन गीता बाली! ती तेव्हा एकविशीची, टॉपला, चेहऱ्यावर नुसता खट्याळपणा. आणि हा अडतिशीचा, गोलमटोल, मान जवळजवळ नाहीच. कागदावर बघितलं तर हा जोडा कुणी पास केला नसता. पडद्यावर बघा, ती त्याच्याबरोबर इतकी मजेत आहे की तो देखणा नाही हे आपण दोन मिनिटांत विसरतो. यात गीता बालीचा वाटा फार मोठा आहे, ते कुणी बोलत नाही. ती त्याला कुठेही सांभाळून घेतेय असं दाखवत नाही, बरोबरीने दंगा करते.

आणि संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर अण्णा. या दोघांची दोस्ती 'अलबेला'च्या कितीतरी आधीची. अण्णा संगीतकार म्हणून उभे राहिले तेच भगवानच्या पिक्चरांतून, आधी ते तमिळ पिक्चर, मग १९४२ चा 'सुखी जीवन'. त्यामुळे 'अलबेला'मध्ये पैसे देऊन चाली बांधून घेतल्यात असं वाटतच नाही, दोन यारांनी बसून हुंदडत केलेलं काम वाटतं. भगवानसाठी आवाजही अण्णांचाच, चितळकर नावाने, बरोबर लता. एकीकडे 'धीरे से आजा री अँखियन में' सारखी अंगाई आणि दुसरीकडे 'शोला जो भडके', एकाच पिक्चरमध्ये, एकाच माणसाने केलेली. 'दीवाना परवाना' गाण्यात जी बँडवाली मंडळी दिसतात ना झालरीच्या बाह्या घालून, तो चिक चॉकलेटचा बँड. चिक चॉकलेट म्हणजे गोव्यात हळदोण्याला जन्मलेला आंतोनियो शावियेर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा जबरदस्त ट्रम्पेटवाला. गोव्याचा जॅझ, पुणतांब्याची चाल आणि परळच्या तालमीतला हिरो. हे कॉम्बिनेशन कुणी ठरवून जुळवलं असतं तर जुळलं नसतं.

आता स्टेप. याच्यावर मला खरं तर वेगळी पोस्ट लिहायची होती पण असो.

त्यांचा नाच नीट बघा, 'भोली सूरत दिल के खोटे' लावा आणि फक्त पाय बघा. पाय जवळपास हलतच नाहीत! जागच्या जागी टाच-चवडा, एक छोटी सरक, परत मागे. हात कोपरात वाकवलेले, सैल, खांद्यातून हलणारे. कंबर थोडीशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई नाही, ताल पुढे जातोय आणि हा माणूस किंचित मागून आरामात येतोय, चेहऱ्यावर भाव असा की माझं काय, मी आपला नाचतोय. त्या काळचा हिरो एकतर झाडाला टेकून गायचा नाहीतर नाचणारीकडे बघत उभा राहायचा. हिरोने स्वतः नाचायचं, तेही शास्त्रीय वगैरे काही न शिकता, हे भगवानदादांनी सुरू केलं असं मी म्हणेन, वाद घालायचा असेल तर या. अमिताभचे ते एक हात वर करून खांदे उडवणं, गोविंदाची ती बेफिकिरी, मूळ कुठेय ते दिसतंच.

पण मला त्याहून जास्त भारी काय वाटतं सांगू, तर ही स्टेप आपल्या मिरवणुकीत जिवंत आहे. विसर्जनाच्या गर्दीत इकडून ढकललं तिकडून ढकललं, दोन फुटांची जागा, पुढे ढोल आणि मागे ट्रॉली, तिथे कुणी घुमर घालू शकत नाही. तिथे चालतं ते हेच. जाड माणूस नाचू शकतो, साठीचे काका नाचू शकतात, ज्याला ठेका कळत नाही तोही नाचू शकतो आणि वाईट दिसत नाही. दादरचे जुने लोक सांगतात की मिरवणूक त्यांच्या घरासमोर थांबायची आणि भगवानदादा दोन स्टेप्स करायचे मग पुढे जायची. भगवानदादांनी ही स्टेप मिरवणुकीतून उचलली की मिरवणुकीने त्यांच्याकडून, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मला नकोय पण.

पुढचं थोडक्यात. 'अलबेला' तुफान चालला आणि मग तोच फॉर्म्युला परत परत. १९५३ चा 'झमेला' परत गीता बालीबरोबर, १९५६ चा 'भागम भाग' किशोरकुमारबरोबर, नंतर 'लाबेला', नाव बघा म्हणजे कळेल काय चाललं होतं ते. किशोरकुमारला घेऊन काढायला घेतलेला 'हँसते रहना' पूर्णच झाला नाही आणि त्यात पैसा गेला. उधळपट्टी केली असेलही, फॉरवर्डवाल्यांना तेवढंच दिसतं, पण जो माणूस स्टुडिओ, पिक्चर, हिरोपण सगळं स्वतःच्या पैशावर करतो त्याला बुडायला दोन पिक्चर पुरतात, आणि असा बुडालेला तो काही एकटा नव्हता. मग 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी' यांत छोटी कामं, आणि त्यानंतर शेकडो पिक्चरांत मिनिटभराचे रोल, पार्टीत, लग्नात, हवालदार म्हणून. बऱ्याचदा त्यांना बोलवायचे ते फक्त ती स्टेप करून दाखवायला. हे वाईट वाटण्यासारखं आहे की नाही यावर माझं आणि माझ्या मित्राचं भांडण झालंय. तो म्हणतो अपमान आहे. मी म्हणतो मिनिटभराच्या रोलमध्येसुद्धा थेटरात शिट्ट्या पडायच्या, किती जणांच्या नशिबात असतं?

२००२ मध्ये दादरला घरीच गेले, ४ फेब्रुवारीला. २०१६ मध्ये 'एक अलबेला' हा मराठी पिक्चर आला, मंगेश देसाईने भगवानदादा केलेत आणि विद्या बालन गीता बाली. मंगेशने स्टेप छान पकडलीय, पिक्चर ठीकठाक.

ज्यांनी मूळ 'अलबेला' पाहिलाच नाही त्यांनी गाण्यांपासून सुरुवात करा, स्टोरी नंतर. आधी 'शाम ढले खिडकी तले', मग 'भोली सूरत', मग 'शोला जो भडके' आणि ते मोबाईलवर नको, टीव्हीवर, आवाज मोठा करून. काकांना लिंक पाठवलीय, अजून निळी टिक आलेली नाही.