राउटरमागचा मेल सर्व्हर आणि माझी एक चूक
कोथरूडच्या घरी जुन्या डेस्कटॉपवर पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) टाकून मेल सर्व्हर चालवतोय, आणि मला वाटायचं राउटरचा फायरवॉल आहे म्हणजे झालं, पण पोर्ट २५, म्हणजे बाहेरची मेल येण्याचा मार्ग, राउटरवरून सर्व्हरकडे फॉरवर्ड केला की तेवढं दार सगळ्या जगाला उघडंच असतं ना! परवा रात्री लॉग बघत बसलो तर बाहेरून येणारं प्रत्येक कनेक्शन १९२.१६८.१.१ वरून, म्हणजे राउटरच्याच पत्त्यावरून आलेलं; राउटर बाहेरच्याचा खरा पत्ता बदलून स्वतःचा लावत होता. पोटात गोळाच आला. कारण मायनेटवर्क्समध्ये (पोस्टफिक्सने ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्या पत्त्यांची यादी) मी घरचं अख्खं नेटवर्क टाकलेलं, म्हणजे पोस्टफिक्सला स्पॅमवाला पण घरचाच माणूस वाटणार आणि पासवर्ड न विचारता तो कुणालाही मेल पाठवू देणार, यालाच ओपन रिले म्हणतात. फेलटूबॅन (लॉग बघून त्रास देणारे पत्ते ब्लॉक करणारं सॉफ्टवेअर) पण अशात कामाचं नाही, ते बिचाऱ्या राउटरलाच ब्लॉक करेल.

लगेच मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हर स्वतः, एवढंच ठेवलं, घरच्यांचे फोन आता पोर्ट ५८७ वरून टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि पासवर्डनेच मेल पाठवतात. यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राउटरचे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) पण बंद केलं. मग भाड्याने घेतलेल्या बाहेरच्या सर्व्हरवरून टेलनेटने माझ्या सर्व्हरला जोडून मेल पाठवायचा प्रयत्न करून बघितला, रिले ॲक्सेस डिनाइड, म्हणजे परक्याला नकार, आलं तेव्हा कुठे झोपलो. तुमच्याकडे असा सेटअप असेल तर आजच लॉगमधला आयपी बघा, प्लीज.